तातडीचा एक भाग

दवाखान्याच्या तातडीच्या विभागावर बेतलेल्या मालिकेचा भाग दारापासून सुरू होतो. दार दुहेरी असते आणि त्याला हात कोणी लावत नाही. ते स्ट्रेचरच्या टोकाने उघडायचे असते. स्ट्रेचरबरोबर चार-पाच माणसे पळत असतात. प्रत्येक जण काहीतरी मोठ्याने सांगत असतो आणि कोणीही कोणाला ‘काय म्हणालात?’ असे विचारत नाही. रुग्णाचे वय, नाडी, रक्तदाब आणि अपघाताची सारी हकीकत दार ते टेबल एवढ्या अंतरात, म्हणजे साधारण पंधरा पावलांत, सांगून होते. बीड जिल्ह्यात तेवढ्या वेळात रुग्णाचे आडनाव सांगून होते आणि त्यावरून ‘म्हणजे कोणत्या गावचे?’ हा प्रश्न निघतो.

या प्रकाराचे घराणे अमेरिकेतले. ‘ईआर’ ही मालिका एनबीसी वाहिनीवर १९ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाली आणि २ एप्रिल २००९ रोजी संपली. एकूण भाग ३३१. तिचा कर्ता मायकेल क्रायटन. ‘ज्युरासिक पार्क’वाला तो हाच. क्रायटन स्वतः हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकलेला होता आणि विद्यार्थिदशेत पाहिलेल्या तातडीच्या विभागावरून त्याने १९७४ साली एक संहिता लिहिली. ती कोणी घेईना. त्याच १९७४ साली बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आशिया खंडातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही त्याची ख्याती अंबाजोगाईकर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. क्रायटनची संहिता वीस वर्षे पडून राहिली. अंबाजोगाईत तोवर डॉक्टरांच्या तुकड्यांमागून तुकड्या बाहेर पडल्या. कागदाच्या आधी दवाखाना उभा राहिल्याचे हे उदाहरण जपून ठेवण्यासारखे आहे.

‘ईआर’चा पहिला भाग लॉस एंजेलिसमधल्या एका बंद पडलेल्या दवाखान्यात चित्रित झाला. यात शहाणपण होते. चालू दवाखान्यात कॅमेरा लावायचा तर आधी नातेवाइकांना बाजूला करावे लागते, आणि ते अजून कोणाला जमलेले नाही. पुढे २५ सप्टेंबर १९९७ रोजी या मालिकेचा एक भाग थेट प्रक्षेपित झाला. देशाच्या पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे घड्याळे वेगळी, म्हणून नटांनी तोच भाग एका रात्रीत दोनदा करून दाखवला. अमेरिकेत त्याचे मोठे कौतुक झाले. एका दिवसात दोन प्रयोग आणि मधल्या वेळेत बटाटेवडा ही गोष्ट मराठी नटाला तशी नवी नाही.

भारतात हे पीक उशिरा आले. दूरदर्शनवर १९९१ साली विजया मेहता यांनी ‘लाइफलाइन’ केली. २००२ साली स्टार प्लसवर ‘संजीवनी’ आली. तिच्यातली इरावती हर्षे यांची डॉक्टर मराठी घरांत आपल्यातली म्हणून पाहिली गेली. २००७ पासून ‘दिल मिल गये’ने डॉक्टरकीचा अभ्यासक्रम बराचसा प्रेमात पडण्याचा असतो असे तरुण पिढीला शिकवले. मराठीत २०२१ साली सोनी मराठीवर ‘अजूनही बरसात आहे’मध्ये मुक्ता बर्वे आणि उमेश कामत डॉक्टर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेली ‘मुंबई डायरीज २६/११’ ही मात्र खरोखर तातडीच्या विभागाची मालिका. मृण्मयी देशपांडे तीत शिकाऊ डॉक्टर आहे आणि तिच्या नोकरीचा पहिला दिवस नेमका २६ नोव्हेंबर २००८ हा आहे. नव्या डॉक्टरचा पहिला दिवस आणि गावातली सर्वांत मोठी आपत्ती एकाच तारखेला येणे हा या प्रकारातला जुना नियम आहे. खऱ्या दवाखान्यात पहिल्या दिवशी नव्या डॉक्टरला रक्ताचा नमुना घेऊन लॅबमध्ये पिटाळतात, आणि लॅब कुठे आहे हे तो तीन मजले फिरून शिकतो.

बीड जिल्ह्याने या मालिका अर्ध्याच पाहिल्या, कारण उरलेल्या अर्ध्या वेळात लाईट नव्हती. ‘संजीवनी’ आणि तिच्या धाकट्या भावंडांचा काळ तोच भारनियमनाचा काळ. डॉक्टर शॉकची पट्टी छातीवर टेकवणार, सगळे ‘बाजूला व्हा’ म्हणणार, इतक्यात पंखा मंदावत थांबे आणि पडद्यावर बारीक पांढरा ठिपका उरे. रुग्ण वाचला की गेला हे दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आत्याला विचारून कळे. राज्याला वीज देणारे परळीचे औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात, तेव्हा हा अंधार घरचाच होता. त्यातून एक झाले. मालिकेतला रुग्ण वाचतोच हे इतरांना सवयीने कळले, ते बीडच्या प्रेक्षकाला तर्काने शोधावे लागले.

आता भागाची रचना. पहिल्या दोन मिनिटांत रुग्ण येतो. तो रुग्णवाहिकेतून येतो आणि त्याच्याबरोबर फार तर एक बायको असते. तिला काचेबाहेर उभे केले जाते, आणि नवल म्हणजे ती उभी राहते. जिल्ह्यात रुग्ण मिळेल त्या वाहनाने येतो. टमटम, काळीपिवळी, दुधाचा टेम्पो, क्वचित मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलेला. २६ जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात सुरू झाली, सुरुवातीला ९३७ गाड्यांनिशी, आणि तिच्यात डॉक्टर असतो. गाडी चालवणाऱ्याला तिथे ‘पायलट’ म्हणतात. बीडला विमानतळ नाही आणि नगरहून बीडपर्यंत रेल्वे धावायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. पायलट मात्र त्याच्या अकरा वर्षे आधीपासून हजर आहेत.

१०८ मध्ये रुग्णाबरोबर एक-दोन जणांनाच बसता येते. बाकीचे मागून जीपने येतात. पडद्यावरच्या आणि प्रत्यक्षातल्या तातडीच्या विभागातला खरा फरक या जीपमध्ये बसलेला असतो. मालिकेत डॉक्टर आणि रुग्ण असतात. जिल्ह्यातल्या कॅज्युअल्टीत प्रामुख्याने नातेवाईक असतात, आणि त्यांच्या फटीतून डॉक्टर व रुग्ण दिसतात. त्यांत एक जण रडतो. एक जण फोन लावतो. एका चुलत्याची दवाखान्यात ‘ओळख’ असते. ती ओळख ज्या माणसाशी असते त्याची बदली होऊन दोन वर्षे झालेली असतात, तरी ओळख चालू राहते. एक म्हातारी कोपऱ्यात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला ‘लेकरानं सकाळधरनं काही खाल्लं न्हाई’ एवढीच माहिती देते. वैद्यकीयदृष्ट्या ही माहिती बऱ्याचदा उपयोगी पडते, कारण ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ नेमके तेच विचारतो.

सलाईनची बाटली धरणारा नातेवाईक हा स्वतंत्र विषय आहे. स्टँड असला तरी तो बाटली धरतो. लग्नात नवरीमागे मामा उभा राहतो तसा तो रुग्णामागे उभा राहतो, हात वर, नजर थेंबाकडे. हे काम कोण करणार यावरून घरात एरवी बोलचाल नसलेल्या दोन भावांत क्षणभर ओढाताण होते आणि पुष्कळदा तिथेच बोलणे पुन्हा सुरू होते. मालिकेत सलाईन ही शोभेची वस्तू आहे, कोपऱ्यात टांगलेली. जिल्ह्यात सलाईन हा उपचाराचा पुरावा आहे. डॉक्टरने तपासले, निदान केले, गोळ्या दिल्या आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला, तरी सलाईन लावली नसेल तर ‘काहीच केलं नाही’ असे गावात सांगितले जाते.

फोनचेही तसेच. पडद्यावरच्या डॉक्टरला फोन येतो तो त्याच्या दुरावलेल्या प्रेयसीचा. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला फोन दिला जातो. कोणीतरी स्वतःचा मोबाइल त्याच्या कानाला लावतो आणि म्हणतो, ‘भाऊ बोलणार हायेत.’ भाऊंच्या जागी अण्णा, दादा किंवा बप्पा असू शकतात. ‘जरा लक्ष द्या, घरचाच माणूस आहे,’ असे भाऊ सांगतात. डॉक्टर ‘हो’ म्हणतो. त्या वेळी त्याचा एक हात रुग्णाच्या नाडीवर असतो, म्हणजे लक्ष आधीच दिलेले असते, पण फोन आल्यानंतर ते दिले असे धरले जाते. भाऊंना हे पूर्ण ठाऊक असते. त्यांनी त्या संध्याकाळी असे सहा फोन केलेले असतात आणि सहाही रुग्ण घरचेच असतात.

भाषेकडे वळायचे तर मालिकेतले डॉक्टर आद्याक्षरांत बोलतात. ती प्रेक्षकाला कळू नयेत अशीच योजना असते. न कळण्यातून वेग वाढतो. जिल्ह्याच्या कॅज्युअल्टीची भाषा नात्यांची आहे. वॉर्डबॉय हा ‘मामा’, आया ही ‘मावशी’, परिचारिका ‘सिस्टर’ आणि पुरुष परिचारक ‘ब्रदर’. एका खोलीत एवढे नातलग जमल्यावर अनोळखी कोणी उरतच नाही. यांतला मामा हा सर्वांत महत्त्वाचा माणूस. कोणत्या ट्रॉलीचे चाक सरळ जाते, एक्स-रेची किल्ली रात्री कोणाकडे असते, मोठ्याने ओरडणाऱ्या नातेवाइकाला बाहेरच्या टपरीवर चहाला कसे न्यायचे, हे सगळे तो जाणतो. क्रायटनपासून आजतागायत एकाही मालिकेने मामाला नायक केलेले नाही. हे या साहित्यप्रकाराचे मोठे अपयश मानायला हवे.

भाषेतला दुसरा शब्द ‘हलवणे’. मालिकेतला दवाखाना रुग्णाला पुढे कधीच पाठवत नाही. पाठवला तर गोष्ट दुसऱ्या वाहिनीवर जाईल. जिल्ह्यात रुग्ण हलवतात. बीडहून ‘घाटी’ला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, जो सव्वाशे किलोमीटरवर आहे. आष्टीकडचे लोक नगर गाठतात, परळी-केजकडचे अंबाजोगाईला जातात किंवा सरळ लातूरला. ‘हलवलं’ हा शब्द गावात येऊन पोचला की पारावरचा आवाज खाली येतो. पडद्यावर यासाठी व्हायोलिन लागते.

त्यानंतर यंत्र. भागाच्या मध्यावर, जाहिरातींच्या अलीकडे, रुग्णाशेजारच्या पडद्यावरची नागमोडी रेघ सरळ होते आणि एकसुरी आवाज येतो. नायक दोन पट्ट्या एकमेकींवर घासतो, शॉक देतो, रुग्ण गादीवरून वीतभर उडतो आणि रेघ पुन्हा नागमोडी होते. वैद्यकशास्त्रात सरळ रेघेला शॉक देत नाहीत. हृदय विस्कळीत होऊन नुसते थरथरत असते तेव्हा ती थरथर थांबवून त्याला ठेक्यावर आणण्यासाठी शॉक असतो. जिथे हालचालच नाही तिथे छातीवर दाब देत राहायचे आणि औषध द्यायचे. बोअरची मोटर पाणी ओढत नसेल तर स्टार्टर बंद-चालू करून पाहण्यात अर्थ आहे. मोटर जळाली असेल तर स्टार्टर कितीही दाबा. हे जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि नेमके तेच पटकथालेखकाला माहीत नसते.

छातीवर दाब देण्याचेही नियम आहेत. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, कोपरे ताठ. नट कोपरे वाकवतो. त्याला दोष देता येत नाही, कारण खाली निजलेला दुसरा नट जिवंत असतो आणि त्याला दुपारी आणखी एक चित्रीकरण असते. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तिघा डॉक्टरांचा एक अभ्यास आला. त्यांनी ‘ईआर’सह तीन अमेरिकी मालिकांचे ९७ भाग बसून पाहिले आणि त्यांतले छातीवर दाब देण्याचे साठ प्रसंग मोजले. पडद्यावर शंभरांतले पंचाहत्तर रुग्ण तिथल्या तिथे वाचत होते आणि सदुसष्ट दवाखान्यातून चालत घरी जात असावेत असे दिसत होते. खरे आकडे याच्या जवळपासही जात नाहीत. लोक डॉक्टरांकडून काय अपेक्षा घेऊन येतात हे त्या तिघांना शोधायचे होते. ९७ भाग पाहायला त्यांना ड्युटीतून वेळ कसा मिळाला, हा प्रश्न मात्र आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांना आधी पडेल.

रुग्णांच्या बाबतीत मालिका हौशी असतात. त्यांना दुर्मीळ आजार आवडतो, शक्यतो ज्याचे नाव उच्चारताना नट अडखळेल असा. बीड जिल्ह्याची कॅज्युअल्टी पंचांगावर चालते. जूनमध्ये पेरणीबरोबर साप-विंचू सुरू होतात. विंचवाच्या बाबतीत मराठवाड्याला थोडा अभिमान बाळगता येतो: लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी काम केले कोकणात महाडला, त्यांचे लेखन छापून आले लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये, पण ते मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ध्यानीमनी नसताना बुटात निघणारा विंचू आणि त्यावर झोप न घेता जागणारा डॉक्टर, यावर मालिका व्हायला हरकत नाही. पण विंचवाला प्रेमप्रकरण नसते.

आषाढी एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्र या दिवसांत भगरीची विषबाधा येते. दमट हवेत भगरीवर बुरशी धरते आणि तिच्या विषाने चक्कर, उलट्या, थरथर सुरू होते. सुटे पीठ आणू नका, भगर निवडून, धुऊन घरी दळा असे अन्न व औषध प्रशासन सांगत असते. उपवास केल्यामुळे माणूस दवाखान्यात येतो हे ‘ईआर’मधल्या शिकागोच्या डॉक्टरला समजावून सांगणे अवघड आहे. ‘उपाशी राहून आला का?’ असे तो विचारील आणि ‘नाही, उपवासाचं खाऊन आला,’ असे उत्तर द्यावे लागेल. सोयाबीन निघाले की मळणीयंत्रात अडकलेले हात येतात. दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि गावे निम्मी रिकामी होतात. तेव्हा कॅज्युअल्टीलाही उसंत मिळते असे कोणाला वाटेल, पण मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येण्याचे दिवस तेच. उन्हाळ्यात लग्नाच्या पंगती. त्यांच्या आधी धुळवड. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढायची पद्धत आहे, आणि ती तारीख जवळ आली की जावई गायब होतात. त्या सुमारास पोट दुखते म्हणून भरती व्हायला आलेल्या धडधाकट तरुणाला ‘सासुरवाडी कोणती?’ हे विचारून घेणारा डॉक्टर अनुभवी समजावा.

प्रेमप्रकरणांबद्दल थोडक्यात: मालिकेत ती ऑपरेशन थिएटरच्या बाहेर घडतात. खऱ्या रात्रपाळीत दोन डॉक्टर एकमेकांकडे प्रेमाने पाहतात ते त्यांतला एक ‘तू झोप, मी बघतो’ म्हणाला तर.

भागाच्या शेवटच्या टप्प्यात डॉक्टर काचेचे दार ढकलून बाहेर येतो, तोंडावरचा मास्क खाली ओढतो आणि ‘पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत’ असे म्हणतो. त्यानंतर बायको देवासमोर जाते. मालिकेतल्या दवाखान्यात एक संगमरवरी देऊळ असतेच. जिल्ह्यात देवाला एवढे ताटकळत ठेवत नाहीत. गाडी सुरू होतानाच अंबाजोगाईच्या योगेश्वरीला साडी आणि परळीच्या वैजनाथाला अभिषेक बोललेला असतो, केस पेपर त्याच्या नंतर निघतो. साप चावला असेल तर बऱ्याच गावांत रुग्णाला आधी मारुतीच्या देवळात नेतात आणि कडुलिंबाचा पाला खायला देतात. पाला कडू लागला नाही तर विष चढले असे धरतात. यात वेळ जातो आणि विषाला तेवढाच वेळ हवा असतो. आजकाल तरुण पोरे मध्ये पडतात आणि ‘पाला गाडीत खाऊ घाला’ अशी तडजोड निघते.

सापाच्या एका रुग्णावर थांबून पाहण्यासारखे आहे, कारण मालिकेला जे दाखवता येत नाही ते तिथे सगळे असते. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीची येते. म्हणून दारं धरायला, म्हणजे पाटाचे पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायला, माणूस मध्यरात्री उसात उतरतो. विजेरी तोंडात, खोरे हातात, पाय चिखलात. घोणस तिथेच असते. भारनियमनाने ज्याची मालिका तोडली त्यालाच रात्रीच्या विजेने दवाखान्यात आणले, असा हा हिशेब.

रुग्ण आला. पायाला दावे करकचून बांधलेले, ते आधी हळूहळू सोडायचे. मेलेला साप प्लास्टिकच्या बरणीत आणलेला. बरणीचे झाकण लोणच्याचे. (साप आणू नये, मारायला जाऊन दुसरा माणूस चावून घेतो. तो मेलेला असल्याची खात्रीही मामालाच करून घ्यावी लागते.) नाग आणि मण्यार मज्जातंतूंवर जातात, पापण्या जड होतात, घोणस आणि फुरसे रक्त बिघडवतात. रक्त बिघडले की नाही हे पाहायची तपासणी जगातल्या सर्वांत स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे. काचेची कोरडी, स्वच्छ, साबणाचा अंश नसलेली नळी घ्यायची. तीत रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त घालायचे. ती उशाशी उभी करून ठेवायची आणि वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलेले असेल तर जागचे हलत नाही. वाहिले तर विष भिनले आहे आणि प्रतिविष चढवायचे.

वीस मिनिटे! मराठी मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग जाहिराती काढल्यावर जवळजवळ तेवढाच उरतो. म्हणजे ही तपासणी बरोबर एका भागाची आहे आणि तिच्यात काहीही घडत नाही. दार धडकत नाही, रेघ सरळ होत नाही, कोणी पळत नाही. मालिका हीच वीस मिनिटे कात्रीने उडवते आणि उरलेल्याला तातडी म्हणते.

‘मॅडम, सलाईन तरी लावा,’ चुलता म्हणतो.

‘लावलीय की काका. ती काय वर.’

‘मग ही नळी?’

‘ती वीस मिनिटं तशीच राहू द्या. हलवायची नाही.’

‘नुस्ती ठिवायची?’

‘नुसती ठेवायची.’

चुलत्याला हे पटत नाही. एवढा साप चावलेला, एवढी जीप भरून आलेली, आणि एक नळी नुसती उभी. तो तिच्याजवळ जाऊन वाकून पाहतो. मामा त्याला तिथेच स्टुलावर बसवतो आणि नळीची राखण त्याच्याकडे सोपवतो. आता चुलत्याला पद मिळालेले असते. जवळ येणाऱ्याला तो हाताने मागे सारतो, स्वतःच्या थोरल्या भावालासुद्धा. मॅडम पापण्या तपासतात, लघवीचा रंग विचारतात, सुजेची कड पेनाने पायावर आखून बाजूला वेळ लिहितात. बाहेरच्या बाकावर रुग्णाचा पुतण्या मोबाइलवर दवाखान्याची मालिका लावून बसलेला असतो. त्याच्या खांद्यावरून म्हातारीही पाहते. मालिकेतल्या पोराच्या छातीवर पट्ट्या टेकवल्या जातात, तो वीतभर उडतो, डोळे उघडतो आणि आईला ओळखतो.

‘बघ, किती पटकन,’ म्हातारी आत ऐकू जाईल असे म्हणते.

इकडे नळी उभीच असते. चुलता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो. ते बंद आहे. तो मनगटावरचे पाहतो. अकरा मिनिटे. रुग्ण पाणी मागतो. चौदा. भाऊंचा फोन येतो. चुलता पहिल्यांदाच तो उचलत नाही, कारण हात मोकळा ठेवायला हवा. बाहेर मालिकेतल्या पोराचे लग्न ठरते. अठरा. मामा चहा घेऊन येतो आणि दारातच थांबतो. वीस होतात, तेव्हा मॅडम हातमोजा घालतात, नळी दोन बोटांत धरतात आणि दिव्याकडे तोंड करून हळूच कलती करतात. जीपमधून आलेली सगळी माणसे तिच्याबरोबर तेवढीच कलतात.

काळपट लाल गोळा बुडाशी जिथे होता तिथेच राहतो.

‘गोठलंय,’ मॅडम म्हणतात. ‘आत्ता तरी ठीक आहे.’

‘मग न्यायचं घरी?’

‘घरी नाही. तासाभरानं परत रक्त घ्यायचं. परत वीस मिनिटं. मग अजून एकदा. चोवीस तास इथंच.’

चुलता स्टूल नळीच्या आणखी जवळ ओढतो. बाहेर पुतण्याच्या मोबाइलवर मोठ्या अक्षरात ‘क्रमशः’ येते आणि म्हातारी त्याला पुढचा भाग लाव म्हणते.